नंबर पुटपुटत असताना कोणी मध्येच बोललं की तो का विसरतो?
कारण तो नंबर तुम्ही आवाजाच्या रूपात धरून ठेवलेला असतो आणि समोरच्याचं बोलणं नेमकं तिथेच घुसतं. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या मॉडेलप्रमाणे वर्किंग मेमरीत, म्हणजे माहिती थोडा वेळ हाताशी धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, शब्दांचा कप्पा वेगळा, चित्रं-जागांचा वेगळा, आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारा नियंत्रक वर. शब्दांच्या कप्प्यात साधारण दोन सेकंदांत म्हणून होईल तेवढंच टिकतं. पुटपुटणं थांबलं की गेलं. म्हणून दहा सुटे आकडे घोकण्यापेक्षा ‘अठ्ठ्याण्णव, बावीस...’ अशा जोड्या बऱ्या पडतात. त्याच वेळी कोणी नुसता फोटो दाखवला तर नंबर सहसा शाबूत राहतो. मात्र ‘माणसाच्या लक्षात सात गोष्टी राहतात’ हे सरसकट धरू नका; मानसशास्त्रज्ञ मिलरचा हा १९५६ चा आकडा कोवन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये चारच्या आसपास आणला.