ओळखलंस का मला?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहून टाकलं की मला ३८ व्या वर्षी ऑटिझमचं (मेंदूची जन्मापासूनचीच वेगळी घडण, ज्यात माणसांत मिसळणं, आवाज-उजेड सोसणं अवघड जाऊ शकतं) निदान झालं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे सगळे विषय या वेळी बाजूला ठेवलेत. तीन पत्रं घेतेय. नावं अर्थातच नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी २९ वर्षांचा, मूळचा नाशिकचा, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. मागच्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं, रिपोर्टमध्ये सोबत सोशल अँग्झायटी (चारचौघांत वावरायची भीती) पण लिहिलीय. फोन वाजला की तो बंद होईपर्यंत मी नुसता बघत बसतो आणि मग मेसेज करतो, 'काय रे, फोन केला होतास का'. लंच डेस्कवरच खातो. थेरपिस्टने सांगितलं रोज कँटीनमध्ये जाऊन बस, हळूहळू भीती मोडेल. अडीच महिने गेलो, एकही दिवस चुकवला नाही (नियम पाळण्यात आपण एक नंबर). भीती मोडली नाहीच, उलट दुपारनंतर डोकं इतकं ठणकतं की कामात बग सुटतात. आता डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न आहे, आई म्हणते चार दिवस आधी ये. लग्नात कोणीतरी समोर येऊन उभं राहतं आणि विचारतं 'ओळखलंस का मला?' तेव्हा घाम फुटतो. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करते, चालेल ना? चुकत काही नाहीये, पण दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसलीय आणि तू दोन्हीवर एकच औषध घेतोयस.

माझी गोष्ट सांगते. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, समोरच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. साडी नेसले, गजरा माळला, गेले. दाराबाहेर चपला होत्या, त्या मोजल्या, चौदा जोड, आणि आतून सगळ्या एकदम बोलतायत, त्यात कुठेतरी मिक्सर पण चालू, मी जिन्यातूनच परत. घरी येऊन गजरा काढून ठेवला आणि रडले, कारण मला जायचं होतं रे. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी त्या काकूंना सरळ मेसेज करून विचारलं की गर्दी नसेल अशी वेळ कुठली, त्या म्हणाल्या चारला ये. चारला दोनच बायका होत्या. आवाजाचा प्रश्न मिटला, पण छातीतली धडधड होतीच, आता काय बोलायचं, हात कुठे ठेवायचे, तिळगूळ तोंडात असताना कोणी काही विचारलं तर. मला तेव्हा कळलं की ही जी उरलीय ना, ती भीती. आदल्या वर्षी जिन्यात जे झालं त्यातलं निम्म्याहून जास्त भीती नव्हतंच, कानांना सोसत नव्हतं.

भीतीवर सवयीचा उपाय बऱ्यापैकी चालतो, म्हणजे पुन्हा पुन्हा जायचं, काही भयंकर होत नाही हे अंगाला कळू द्यायचं. थेरपिस्ट ज्याला एक्सपोजर म्हणतात तो हाच, आणि नुसत्या सोशल अँग्झायटीसाठी तो चांगलाच उपाय आहे, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण स्टीलच्या ताटांचा खणखणाट, एक्झॉस्टचा घरघराट, लुकलुकणारी ट्यूबलाइट हे तुझ्या मेंदूला मुळातच जास्त जोरात पोहोचत असेल तर तिथे रोज बसून सवय होईलच असं नाही, रोज थकवा मात्र नक्की. म्हणून आता एक कर. दुपारी साडेतीनला, माणसं गेलेली असतात पण भांडी घासणं चालू असतं, तेव्हा कँटीनमध्ये दहा मिनिटं बस. डोकं तरीही ठणकलं तर माणसांचा दोष नाही, इयरप्लग घाल, कोपऱ्यातलं टेबल धर, किंवा डेस्कवर खा बाबा, डेस्कवर खाल्ल्याने कोणी मेलेलं नाही. आणि रिकाम्या कँटीनमध्ये छान वाटलं तर मग ती भीती आहे, तिच्यावर काम करू, पण पन्नास माणसांच्या कँटीनपासून नाही, एका माणसाबरोबर चहापासून. हे सगळं कागदावर लिहून थेरपिस्टला दाखव. ऐकून घेतलं तर उत्तम, नाहीतर थेरपिस्ट बदलता येतो.

अजून एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सोशल अँग्झायटीवरच्या नेहमीच्या समुपदेशनात सांगतात की 'लोक तुझ्याकडे बघत नाहीयेत, हे तुझ्या मनाचे खेळ'. आपल्या बाबतीत प्रॉब्लेम असा की लोक बघत होते! हसत पण होते. शाळेत माझ्या चालण्याची नक्कल करायचे, दोन वर्षं. तुझंही काहीतरी असणारच. म्हणजे आपली भीती हवेतून आलेली नाही, अनुभवातून आलीय, तिला खोटी म्हटलं की मन अजून घट्ट मिटतं. मी स्वतःला वेगळे प्रश्न विचारायला शिकले, की आज समोर आहेत ती तीच माणसं आहेत का, आणि हसलेच तर मी काय करणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवलेलं असलं की पाय जरा कमी लटपटतात. माझं उत्तर 'पाणी पिऊन येते', एवढंच आहे.

डेमियन मिल्टन नावाचा एक ब्रिटिश संशोधक आहे, स्वतः ऑटिस्टिक, त्याने २०१२ मध्ये मांडलं की ही गैरसमजाची भानगड दुहेरी आहे, आपल्याला ऑटिस्टिक नसलेल्यांचं कळत नाही तसं त्यांनाही आपलं कळत नाही, फक्त नापासाचा शिक्का आपल्यावर बसतो. हे वाचलं तेव्हा मला जे हलकं वाटलं म्हणून सांगते. आणि ऑटिस्टिकसाठी आपल्याकडचा तो 'स्वमग्न' शब्द, मला कधीच पटला नाही. स्वतःत मग्न असतो तर लोक काय म्हणतील याने रात्रीची झोप कशाला उडाली असती?

फोनचं सोप्पं आहे. जवळच्या दहा जणांना एकच मेसेज टाकून दे, 'फोन करायच्या आधी विषय लिहून पाठव, मग मीच करतो'. आठ जण ऐकतील. ऑफिसचं थोडं वेगळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे (१९९५ च्या कायद्यात नव्हता), आणि २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीलाही समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी देणार ते, जाहीर करावं लागतं. ते धोरण एचआरकडे मेल करून माग. निदान सांगायचं की नाही हे तुझ्यावर आहे, मी पाच वर्षं सांगितलं नव्हतं. पण 'मला सूचना लेखी द्या, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवा' एवढं मागायला निदान सांगावंच लागतं असं नाही, चांगला मॅनेजर असेल तर तसाच देतो.

आता लग्न. चार दिवस आधी जाऊ नकोस, आईला सांग मी एक दिवस आधी येतो आणि काम करायला येतो, पाहुणा म्हणून नाही. लग्नात आपल्यासारख्याला सगळ्यात अवघड काय तर नुसतं उभं राहणं. हातात काम असलं की बोलायचं काय हे काम ठरवतं. त्यात राजा काम म्हणजे आहेर लिहायला बसणं! टेबल असतं, खुर्ची असते, पाठीमागे भिंत असते, प्रत्येक माणूस एकटा येतो, अर्धा मिनिट थांबतो आणि जातो. आणि मुख्य म्हणजे तू हक्काने विचारू शकतोस, 'पूर्ण नाव सांगा, गाव कुठलं?' ज्याला 'ओळखलंस का' विचारायचं होतं तो आपण होऊन नाव, गाव, कधी कधी नातं पण सांगून जातो. मी माझ्या भावाच्या लग्नात दोन तास बसले होते, आयुष्यात एवढ्या नातेवाइकांशी एका दिवसात बोलले नव्हते.

पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलं असेल तर अक्षता वाट, किंवा पंगत असेल तर वाढायला घे, 'मठ्ठा? जिलबी?' याच्या पुढे कोणी संभाषण नेत नाही. नाशिकच्या लॉन्सवर डीजे असणारच, तेव्हा इयरप्लग खिशात आणि गाडीची किल्ली तुझ्याकडे, गाडीत जाऊन पंधरा मिनिटं बसलास तर कोणाला पत्ता लागत नाही, सगळ्यांना वाटतं दुसरीकडे असेल. दुसऱ्या दिवशी रजा टाक, त्या दिवशी काही ठरवू नकोस, झोप. आणि तरीही कोणी गाठून विचारलंच तर, 'माझ्या चेहरे लक्षात राहत नाहीत, रागावू नका, नाव सांगा ना.' एकदा म्हणून बघ. बहुतेक जण स्वतःचीच एक विसरल्याची गोष्ट सांगायला लागतात. आणि हो, आहेराला बसलास तर दोन पेनं ठेव, एक हमखास कोणीतरी घेऊन जातं.

प्रश्न : मी सांगलीहून लिहितेय. मुलगी अकरावीत आहे, गेल्या वर्षी निदान झालं. घरात अखंड बडबड, पण पाहुणे आले की तोंडात मूग. सासूबाई म्हणतात संस्कार कमी पडले. एकांनी सुचवलंय की सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला घाला, तिथे स्टेज डेअरिंग येतं. पाठवू का?

उत्तर : नका पाठवू. तिला स्वतःहून जायचं असेल तर गोष्ट वेगळी. पन्नास अनोळखी मुलांसमोर माइक हातात देऊन 'बोल, लाजू नको' म्हटल्यावर ती काय शिकेल तर एवढंच, की हे पुन्हा कधी करायचं नाही.

घरी बडबड आणि बाहेर गप्प हा खोटेपणा नाही, कित्येकांचं तसं असतं. मुलींचं निदान उशिरा होतं त्याचं एक कारण हेच, त्या वर्गात बाकीच्या मुलींचं बघून बघून हसणं-बोलणं उचलतात, दिवसभर ते पेलतात आणि घरी आल्यावर दप्तर फेकतात. तुमची दप्तर फेकते का? फेकत असेल तर फेकू दे, निदान अर्धा तास कसं गेलं कॉलेज वगैरे विचारू नका.

पाहुण्यांचं म्हणाल तर सासूबाईंकडेच उपाय आहे. आपला नमस्कार काय सोयीची गोष्ट आहे बघा, हात मिळवायचा नाही, डोळ्यात बघायचं नाही, वाकलं की झालं, वर आशीर्वाद मिळतो. तिच्याशी ठरवा, बाहेर येऊन नमस्कार करायचा, पाण्याचे ग्लास ठेवायचे आणि आत जायचं, कोणी परत बोलावणार नाही. 'परत बोलावणार नाही' हे तुम्हाला पाळावं लागेल, 'अगं कविता म्हणून दाखव' नाही. दोन-चार वेळा तो शब्द पाळला गेला की ती कदाचित आपण होऊनच पाच मिनिटं जास्त थांबेल. नाही थांबली तरी संस्कार झालेच ना, नमस्कार केला की!

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. सकाळी पोट दुखणं, कॉलेज बुडवणं, जेवण तुटणं, जगण्याला कंटाळल्याची भाषा, यातलं काही दिसलं तर शिबिर नाही आणि मीही नाही, सरळ मानसोपचारतज्ज्ञ. ते चिंतेवर गोळ्या देऊ शकतात, ऑटिझम घालवणारी गोळी नसते, कोणी विकत असेल तर उठून या. रात्री-अपरात्री काही वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. फोनची भीती असणाऱ्यांसाठी फोनचीच हेल्पलाइन, यावर मी खूप हसलेय, पण तिच्यासाठी तुम्ही लावू शकता.

प्रश्न : वय ४१, निदान झालेलं नाही, पण तुमचं वाचून वाटलं हे माझंच आहे. डॉक्टरकडे जायचं तर वेटिंग रूमचीच भीती वाटते, आणि आत गेल्यावर मी 'सगळं ठीक आहे' म्हणून परत येणार हे मला माहितीय. आणि माझं कदाचित आस्पर्जर असेल, ते वेगळं असतं ना?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानाच्या पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली, त्यात आस्पर्जर हे वेगळं निदान न ठेवता ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच, म्हणजे ऑटिझमच्या एकाच मोठ्या पट्ट्यात घेतलं, त्यामुळे आता डॉक्टर बहुधा ऑटिझमच लिहितील.

अपॉइंटमेंट मेसेजवर किंवा ऑनलाइन मिळते का बघा, पहिला नंबर मागा, बाहेर गाडीवर थांबतो, नंबर आला की फोन करा असं रिसेप्शनला सांगा, बरेच ठिकाणी ऐकतात. मोठ्यांच्या ऑटिझमचा अनुभव आहे का हे आधीच विचारून घ्या, सगळ्यांना नसतो. आणि बोलायचंच नाही, दोन पानं लिहून न्यायची आणि बसल्या बसल्या हातात द्यायची. आपल्यासारखे लोक अनोळखी माणसासमोर इतकं छान नॉर्मल वागतात की समोरच्याला वाटतं याला काय धाड भरलीय. म्हणून पहिलीच ओळ अशी लिहा, 'मी आत्ता ठीक दिसेन, कारण मी ४१ वर्षं त्याची प्रॅक्टिस केलीय.'

लहानपणचं ते विचारतातच, तर आई किंवा मोठी बहीण बरोबर आली तर बरं, नाहीतर माळ्यावरून शाळेची प्रगतिपुस्तकं काढा. माझ्या चौथीच्या पुस्तकात बाईंनी शेरा लिहिलाय, 'अभ्यासात उत्तम. मधल्या सुट्टीत नळाजवळ एकटी उभी असते.' डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि मग पेन खाली ठेवून मला विचारलं, नळाजवळच का? म्हटलं, तिथे पाण्याचा एकसारखा आवाज यायचा.