पणजीच्या बागेत, बसस्टँडवर झोपणाऱ्यांना हटवणं योग्य आहे का?

हटवून ते जाणार कुठे, हे आधी सांगा. पहाटेच्या कदंब बससाठी मी बरेचदा स्टँडवर थांबतो. फलाटाच्या कडेला गोणपाट अंथरून झोपलेले बहुतेक जण मजूर असतात. उशाला चपला, थापी, डबा. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायच्या आत आवरून नाक्यावर कामाला उभे. यांना आपण सरसकट ‘भिकारी’ म्हणतो. (सीझनला खोलीचं भाडं काय होतं ते गोंयकाराला सांगायला नको.)

कायद्याचं म्हणाल तर मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही; पालिका हटवू शकते, पण सहसा आधी नोटीस देऊनच.

केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाचा निकष होता, एक लाख शहरी लोकसंख्येमागे निदान १०० बेघर मावतील असा कायमस्वरूपी निवारा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची शहरी लोकसंख्या ९ लाखांच्या वर, म्हणजे साधारण ९०० जागा. त्याही स्टँड, मार्केटजवळ हव्यात. गावाबाहेर शेड बांधली तर कामाचा नाका सोडून तिथे कोण जाईल?

बाकावर कुणी आडवं होऊ नये म्हणून मधे लोखंडी दांडे ठोकतात, त्याने माणूस फक्त पुढच्या दुकानाच्या पायरीवर सरकतो.