नवे ग्राफिक्स कार्ड जुन्याच्या पुढे का जात नाही?

प्रश्न : माझ्या संगणकात रायझन ५ २६०० हा प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड आहे. १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड काढून मी ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० बसवले. परंतु १०८०पी रिझोल्यूशनवर गेममधील फ्रेमची संख्या जवळपास तेवढीच राहिली. कार्ड सदोष असेल का?

उत्तर : तशी शक्यता कमी दिसते. चाचणी चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के दिसतो, ते आधी पाहावे. तो ६०-७० टक्क्यांवर अडकत असेल, तर २०१८ सालच्या आपल्या प्रोसेसरकडून काम वेळेवर येत नाही आणि कार्ड रिकामे थांबून राहते. अशा वेळी दोन्ही कार्डांचे आकडे सारखे येतात, कारण ते प्रत्यक्षात प्रोसेसरचे असतात. त्याच गेमचे रिझोल्यूशन १४४०पी करून वापर ९५ टक्क्यांच्या वर न्यावा आणि मगच तुलना करावी. दोन्ही कार्डांसाठी ड्रायव्हर, सेटिंग आणि गेममधील प्रसंग एकच ठेवावा. एनव्हिडियाची फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमच्या मध्ये कार्डाने स्वतः फ्रेम तयार करून घालण्याची) ही सोय या दोन कार्डांपैकी फक्त ४०६० वर मिळते आणि तिने वाढलेल्या फ्रेममुळे हाताला जाणवणारा प्रतिसाद सुधारत नाही, म्हणून चाचणीत ती बंद असावी.

आपल्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. ३०६० हे पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, १६ लेन (पदर) वापरते, तर ४०६० आठच. बी४५० वर त्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालत असल्याने हा मार्ग सेकंदाला सुमारे ८ जीबी इतकाच उरतो. टेक्स्चर (गेममधील वस्तूंच्या पृष्ठभागांवरील चित्रे) अल्ट्रा या सर्वोच्च पातळीवर ठेवल्याने कार्डाची ८ जीबी मेमरी भरली, की उरलेला डेटा या अरुंद मार्गाने संगणकाच्या रॅममधून सतत ये-जा करू लागतो. मग सरासरी बरी दिसूनही खेळताना मध्येच झटके बसतात. म्हणूनच सरासरीबरोबर सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा आकडाही नोंदवावा. टेक्स्चर एक पायरी खाली आणताच तो आकडा सावरला, तर कारण मेमरीतच आहे. अशा गेममध्ये आपले जुने १२ जीबीचे कार्ड सरस ठरू शकते.

प्रोसेसर आड येत असल्याचे दिसले, तर बायोस (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून याच मदरबोर्डवर रायझन ५ ५६०० बसवता येतो. बी४५० वर लेनचा वेग मात्र त्यानेही वाढणार नाही. जुने कार्ड हाताशी असेल, तर या चाचण्या होईपर्यंत ते विकू नये.