‘कळसूत्री’ हा शब्द वायांग आणि बुनराकू यांना लावावा का?

आशियातील पारंपरिक रंगभूमीचा परिचय मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की जावामधील वायांग कुलित आणि जपानमधील बुनराकू या दोन्हींना ‘कळसूत्री बाहुल्यांचा खेळ’ म्हणणे योग्य आहे का, आणि तो खेळ करणाऱ्यास ‘सूत्रधार’ म्हणता येईल का.

माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. ‘कळसूत्री’ या शब्दात बाहुली हलवण्याची रीतच सांगितलेली आहे: कळ म्हणजे युक्ती किंवा यंत्ररचना, आणि सूत्र म्हणजे दोरा. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानेश्वर स्वतःला ‘साइखड्या’च्या, म्हणजे बाहुल्यांच्या खेळातल्या, बाहुल्याची उपमा देतात, तिथेही बाहुले चालते ते चालवणाऱ्याच्या सूत्राने. वायांग कुलितमध्ये असे सूत्र नसते. म्हशीचे कातडे कोरून व रंगवून केलेली सपाट आकृती एका मुख्य काठीवर पेललेली असते, हातांना दोन बारीक काठ्या जोडलेल्या असतात, आणि पडद्यावर तिची छाया पडते. बुनराकूत तर मुख्य पात्राची एकच बाहुली तीन माणसे प्रेक्षकांसमोर उभी राहून चालवतात. पहिला डोके व उजवा हात, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय सांभाळतो. ‘कठपुतळी’ हा शब्द लाकडाकडे बोट दाखवतो, त्यामुळे वायांग कुलितच्या कातडी आकृत्यांना तोही लागू पडत नाही.

हा काटेकोरपणा आपल्या भाषेवर बाहेरून लादलेला नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगणे) असे तीन खेळ करत आले आहेत, आणि तिन्हींची नावे वेगळी आहेत. (या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.) म्हणून वायांग कुलितला ‘चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ’ म्हणावे, तो पिंगुळीच्या खेळाचा जवळचा भाऊबंद आहे आणि रामायण-महाभारताच्या कथाही दोन्हीकडे आहेत. ‘कळसूत्री’ हा शब्द राजस्थानी किंवा म्यानमारमधील दोऱ्यांच्या बाहुल्यांसाठी राखून ठेवावा. बुनराकूला साधे ‘बाहुलीनाट्य’ पुरेसे आहे.

‘सूत्रधार’ या शब्दाबाबत मात्र मी इतका आग्रही नाही. तो बाहुल्यांच्या दोऱ्यांवरून आला असावा, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. परंतु संस्कृतात सूत्रधार म्हणजे मोजणीची दोरी धरणारा सुतार वा स्थपती असाही अर्थ आहे, आणि नाट्यशास्त्रात नाट्यगृहाची भूमी सूत्राने मोजण्याचा विधी सांगितला आहे, त्यामुळे ती व्युत्पत्ती निर्विवाद नाही. आज मराठीत सूत्रधार म्हणजे खेळ हाती धरणारा, एवढाच अर्थ ठसलेला आहे. जावामधील दालांग एकटाच सगळी पात्रे हलवतो, सर्वांचे संवाद म्हणतो आणि लाकडी पेटीवर ठोके देऊन गामेलान वाद्यवृंदाला इशारे करतो. त्याला सूत्रधार म्हटले तर शब्दाला आणि कलावंताला दोघांनाही न्याय मिळतो. बुनराकूत कथन व संवाद तायू करतो, शामिसेन हे तंतुवाद्य वाजवणारा वेगळा असतो आणि बाहुल्या चालवणारे त्याहून वेगळे. तिथे कोणा एकाला सूत्रधार म्हटल्यास वाचकाची दिशाभूल होईल, म्हणून ‘तायू’ हेच नाव ठेवून पहिल्या उल्लेखात त्याचे काम एका वाक्यात सांगावे.