२०२५ ची स्टॅनली कप फायनल, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगची फायनल, कोण जिंकेल, एडमंटन ऑइलर्स की फ्लोरिडा पँथर्स? मागच्या वर्षी हेच दोघं होते, मग यंदा वेगळं काय? आणि कॅनडाची टीम १९९३ नंतर एकदाही का जिंकली नाही?

हे मी जून २०२५ मध्ये, फायनल सुरू व्हायच्या आधी लिहितेय: ऑइलर्स जिंकतील, सात मॅचेसमध्ये. सातवी मॅच झाली तर ती २० जूनला इथे एडमंटनमध्ये होणार आणि या वेळी ती आपण सोडत नाही असं मला मनापासून वाटतं. मी एडमंटनलाच राहते, त्यामुळे मी कोणाच्या बाजूची ते सांगायला नको, पण नुसती भक्ती म्हणून बोलत नाहीये, माझ्याकडे कारणं आहेत आणि पोटात भीतीपण आहे, दोन्ही सांगते.

हॉकी नवीन असेल तर एवढंच लक्षात ठेवा की १६ टीम्स प्लेऑफ्समध्ये येतात, प्रत्येक राउंड सात मॅचेसचा, जो आधी चार जिंकेल तो पुढे, असे चार राउंड. म्हणजे कप हवा असेल तर एप्रिलपासून जूनपर्यंत १६ मॅचेस जिंकायच्या, आणि त्यात टाय वगैरे काही नाही, बरोबरी झाली की ओव्हरटाइम, वीस वीस मिनिटांचे, गोल होईपर्यंत. २०२३ मध्ये याच पँथर्सची कॅरोलायनाबरोबरची मॅच चौथ्या ओव्हरटाइमच्या शेवटच्या काही सेकंदांत संपली होती, मध्यरात्र कधीच उलटून गेली होती.

आता मागच्या वर्षीचं. २०२४ च्या फायनलमध्ये ऑइलर्स पहिल्या तीनही मॅच हरले, सगळ्यांनी आशा सोडली, आणि मग ८-१, ५-३, ५-१ अशा लागोपाठ तीन जिंकून ३-३ केलं. सातवी फ्लोरिडात, २-१ ने गेली. एका गोलने! आपल्या कॉनर मॅकडेव्हिडला प्लेऑफ्सचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी मिळाली, ४२ पॉइंट्स (गोल आणि असिस्ट मिळून), त्यातले ३४ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, त्यात ग्रेट्झकीचा असिस्टचा रेकॉर्ड मोडला, आणि तो ती घ्यायला बर्फावर आलाच नाही. लोकांनी त्यावरून बरंच ऐकवलं त्याला, मला मात्र ते अगदी बरोबर वाटलं. हरलेल्या ड्रेसिंग रूममधून उठून कोण येईल हो ट्रॉफी घ्यायला.

पण त्याच फायनलच्या शेवटच्या दोन मॅचमध्ये मॅकडेव्हिडला एकही पॉइंट मिळाला नव्हता हे लोक विसरतात. सहावी तरीही जिंकलो, सातवी हरलो. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. टीव्हीवर बघाल तर सगळी चर्चा मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटलची, आणि ते दोघं जगात भारी आहेतच, ड्रायसाइटलने या सीझनला ५२ गोल मारले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. पण ही फायनल त्यांच्यावर ठरणार नाही. पँथर्स त्यांना थोडंफार बांधून ठेवतीलच, अलेक्झांडर बार्कोव्हसारखा माणूस समोर असल्यावर दुसरं काय होणार. ठरणार आहे ती तिसऱ्या लाइनवर (तीन-तीन फॉरवर्ड्स आळीपाळीने खेळतात, त्यातली तिसरी तुकडी) आणि पेनल्टी किलवर, म्हणजे पेनल्टीमुळे आपला एक खेळाडू बाहेर असताना गोल वाचवण्यावर.

यंदा वेगळं काय, तर या वर्षी ऑइलर्स फक्त दोघांची टीम नाहीये. पहिल्या राउंडला लॉस एंजेलिस किंग्जबरोबर ०-२ ने मागे पडलो होतो, दोन्ही मॅचमध्ये सहा सहा गोल खाल्ले, कोच नॉब्लॉकने गोलकीपर स्किनरला बसवून कॅल्विन पिकर्डला आणलं. तिसऱ्या मॅचला तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये आपल्या एव्हँडर केनने ४-४ केलं, किंग्जच्या कोचने चॅलेंज घेतला की गोलकीपरला अडवलं म्हणून गोल रद्द करा, तो चॅलेंज फुकट गेला आणि फुकट गेला की नियमाने दोन मिनिटांची पेनल्टी लागते. त्या पेनल्टीच्या दहाव्या सेकंदाला आपला डिफेन्समन बूशार्डने लांबून गोल मारला! मी अख्ख्या सीझनमध्ये इतकं ओरडले नव्हते. ती सिरीज तिथेच फिरली. चौथ्या मॅचला परत बूशार्डने अर्धा मिनिटसुद्धा उरलेलं नसताना बरोबरी केली आणि ओव्हरटाइमला ड्रायसाइटलने संपवलं. त्या ०-२ नंतर आत्तापर्यंत १४ मॅचेस झाल्यात आणि त्यातल्या १२ आपण जिंकल्यात, वेगस पाचमध्ये, डॅलस पाचमध्ये. वेगसला घरी पाठवणारा ओव्हरटाइमचा गोल कोणाचा, तर कॅस्पेरी कापानेनचा, जो आधी टीममध्येसुद्धा धड नव्हता. मागच्या वर्षी हे होत नव्हतं.

आणि स्किनर. हा मुलगा एडमंटनचाच, इथेच लहानाचा मोठा झालेला, आणि याच गावाने त्याला एप्रिलमध्ये काय काय नाही म्हटलं. पिकर्डला दुखापत झाली म्हणून परत आला, वेगसविरुद्ध तिसरी मॅच घड्याळात ०.४ सेकंद असताना गोल खाऊन हरला, म्हणजे जवळपास संपलीच होती हो मॅच, आणि त्यानंतरच्या दोन्ही मॅचमध्ये शटआउट, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही. मग डॅलसविरुद्ध आणखी एक. त्याच्याकडे बघताना एक गोष्ट बघा, पक (हॉकीतली रबरी चकती) अंगावर आल्यावर तो छातीशी धरून ठेवतो की पुढे उडू देतो. धरून ठेवत असेल तर त्या दिवशी तो चांगला असतो. पक पॅडला लागून मधोमध पडायला लागला की समजायचं आज काही खरं नाही, कारण तिथे पँथर्सचा सॅम बेनेट उभाच असणार.

आता भीती. पहिली भीती आपला झॅक हायमन. डॅलसविरुद्ध चौथ्या मॅचमध्ये मनगट गेलं, ऑपरेशन झालं, संपला त्याचा सीझन. मागच्या प्लेऑफ्समध्ये त्याने १६ गोल मारले होते, आणि यंदा तर सगळ्या खेळाडूंमध्ये सगळ्यात जास्त हिट्स (समोरच्याला अंगाने दिलेल्या धडका) त्याच्या नावावर होत्या. गोलसमोर उभं राहून मार खायचं काम तो करायचा म्हणून मॅकडेव्हिडला जागा मिळायची. ते काम आता कोण करणार? केन करेल, कोरी पेरी करेल, पेरी चाळीसचा झालाय आणि गेल्या पाच वर्षांत चार फायनल हरलाय बिचारा, २०२०, २१, २२ आणि २४. त्याच्यासाठी तरी जिंका असं वाटतं. पण हायमनसारखं पूर्ण साठ मिनिटं कोणी करणार नाही हे मान्य करायलाच लागेल.

दुसरी भीती जास्त मोठी. पेनल्टी किल. मागच्या वर्षी आपला पेनल्टी किल इतका जबरदस्त होता की एक माणूस कमी असताना पण जीव घाबरायचा नाही. यंदा साधारण दर तिसऱ्या पेनल्टीला गोल खातोय. आणि समोर पँथर्स, जे मुद्दाम डिवचतात, शिट्टी झाल्यावर ढकलतात, कानात काहीतरी बोलतात, आणि तुम्ही एकदा हात उचललात की रेफरी तुम्हालाच आत पाठवतो. ब्रॅड मार्शँड याच कामात उभा जन्म घालवलेला माणूस आहे. सोळा सीझन बोस्टनला खेळला, कॅप्टन होता, मार्चमध्ये ट्रेड होऊन फ्लोरिडात आला आणि आता लुंडेल आणि लुओस्टारिनेनबरोबर त्यांची तिसरी लाइन चालवतो. टोरांटोत कोणी मराठी ओळखीचं असेल तर त्यांच्यासमोर याचं नाव काढून बघा. टोरांटोची टीम लीफ्स त्याच्या टीमकडून सातव्या मॅचमध्ये पाच वेळा हरलेत, शेवटची आत्ता मे महिन्यात, तेही त्या सिरीजमध्ये २-० ने पुढे असताना. ही जी तिसरी लाइन आहे ना, आपली तिसरी लाइन तिच्यापेक्षा चांगली खेळली तर कप इथे येईल, नाहीतर नाही. मॅकडेव्हिडने काहीही केलं तरी.

पँथर्सना मी कमी लेखत नाहीये, उलट गेल्या दहा वर्षांतली ही सगळ्यात पूर्ण टीम आहे असं माझं मत आहे. सलग तिसरी फायनल. बाहेरच्या मैदानावर या प्लेऑफ्समध्ये दहापैकी आठ मॅच जिंकलेत, त्यामुळे आपल्याला होम आइस आहे, म्हणजे सातवी मॅच धरून जास्त मॅच घरी आहेत, म्हणून फार खूश होण्यात अर्थ नाही. गोलमध्ये बोब्रोव्स्की, ३६ वर्षांचा, दोनदा व्हेझिना, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरची ट्रॉफी घेतलेला. त्यांचा फोरचेक (समोरच्याच्या भागात घुसून पक हिसकावणं) असा असतो की आपल्या डिफेन्समनने पक घेऊन मागे वळून बघेपर्यंत दोन जण अंगावर. म्हणूनच आपला डिफेन्समन एकहोमचं परत येणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं, तो डॅलसविरुद्ध शेवटच्या मॅचला परतला, तो शांतपणे पहिला पास बाहेर काढतो आणि बूशार्डच्या जोडीला असला की बूशार्डच्या चुका निम्म्या होतात.

कॅनडाचा दुष्काळ. यावर लोक मोठमोठ्या थिअऱ्या मांडतात, माझं मत साधं आहे. ३२ टीम्समध्ये कॅनडाच्या फक्त सात, म्हणजे मुळातच संधी कमी. त्यात सॅलरी कॅप (टीमने पगारांवर किती खर्च करायचा याची मर्यादा) सगळ्यांना सारखी पण टॅक्स सारखा नाही, फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडामध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे तेवढ्याच पगारात खेळाडूच्या हातात जास्त उरतात, शिवाय समुद्र आणि ऊन, आणि दुकानात दूध आणायला गेलात तर पॉवर प्ले (समोरच्यांचा एक माणूस बाहेर असतानाचा खेळ) का चालत नाही म्हणून कोणी विचारत नाही. इथे विचारतात. पण याहीपेक्षा मोठं कारण नशीब आहे असं मी म्हणेन, कारण व्हँकुव्हर १९९४, कॅल्गरी २००४, एडमंटन २००६, परत व्हँकुव्हर २०११, परत एडमंटन २०२४, हे सगळे फायनलची सातवी मॅच हरलेत. पाच वेळा एका मॅचवर आलं आणि पाचही वेळा गेलं. यातल्या दोन जरी इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर हा प्रश्नच कोणी विचारला नसता. आणि पँथर्सची टीम बघा, बेनेट, राइनहार्ट, व्हरहेगी, एकब्लॅड, मार्शँड, सगळे कॅनेडियन! खेळाडू आपलेच आहेत, फक्त कप तिकडे जातो.

यंदा देशाचा मूडपण वेगळा आहे. टॅरिफ आणि कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य करायच्या वगैरे बडबडीनंतर फेब्रुवारीत फोर नेशन्स या चार देशांच्या स्पर्धेच्या फायनलला मॅकडेव्हिडने ओव्हरटाइममध्ये अमेरिकेविरुद्ध गोल मारला तेव्हापासून तो फक्त एडमंटनचा राहिलेला नाही. आमचे जुने प्रतिस्पर्धी कॅल्गरीवाले सोडून, त्यांच्याकडून आम्हाला अपेक्षापण नाही. इथे मिल वुड्समध्ये निम्म्या गाड्यांवर निळे-केशरी झेंडे लागलेत, ग्रोसरीच्या दुकानात काउंटरवरच्या काकू जर्सी घालून धणे-जिरे वजन करतायत, आणि मॅचच्या दिवशी ऑइलर्सच्या रॉजर्स प्लेस स्टेडियमबाहेर मोठ्या स्क्रीनसमोर ज्यांना तिकीट परवडत नाही अशी हजारो माणसं उभी असतात, त्यात आपले देशी लोक भरपूर. पंजाबी कॉमेंट्री असते हॉकीची, २००८ पासून आहे, तिच्यामुळे किती घरांमध्ये आजी-आजोबांना हॉकी कळायला लागली. तुम्हाला इंग्लिश कॉमेंट्री फार वेगात वाटत असेल तर ती शोधून ऐका, हिंदी येत असेल तर बरंच समजतं.

माझा अंदाज मॅचवार असा: पहिली आपली, दुसरी त्यांची, फ्लोरिडात एक एक, पाचवी आपण घरी जिंकणार, सहावी ते घरी जिंकणार, सातवी आपली, ३-२ वगैरे, कदाचित ओव्हरटाइम. दोन तरी मॅचेस ओव्हरटाइमला जातीलच. कॉन स्माइथ या वेळी ड्रायसाइटलला, कारण मॅकडेव्हिडवर दोन माणसं असली की मोकळा तो राहतो, आणि त्या उजव्या सर्कलच्या खालून, जिथून गोल दिसतपण नाही धड, तिथून तो मारतो. उलट झालं तर पँथर्स सहामध्ये जिंकतील, आणि तसं झालं तर ते पेनल्ट्यांमुळे झालेलं असेल, लिहून ठेवा. मॅकडेव्हिडचा करार पुढच्या सीझनपर्यंत आहे, १ जुलैपासून तो नव्या करारावर सही करू शकतो, त्यामुळे या गावाचा जीव का टांगणीला लागलाय ते तुम्हाला समजेल. कप आला तर तो राहील असं सगळे धरून चाललेत. मला तर तो तसाही राहील असं वाटतं, पण कप आला तर बोलायलाच नको.

पहिली मॅच ४ जूनला संध्याकाळी सहाला, म्हणजे भारतात ५ तारखेला पहाटे साडेपाच. पहिला पिरियड बघताना मॅकडेव्हिडकडे बघू नका, तो दिसेलच. आपले डिफेन्समन स्वतःच्या गोलमागून पक किती पटकन बाहेर काढतायत ते बघा, आणि पहिल्या दहा मिनिटांत आपल्यावर किती पेनल्ट्या लागल्या ते मोजा. एक किंवा शून्य असेल तर चहा टाका आणि निवांत पूर्ण मॅच बघा.