ऐंशी पार केलेल्या ब्लूज-रॉक गिटारवादकाला लाइव्ह ऐकायला पैसे घालावेत, की जुनी रेकॉर्डिंगं पुरेत?

घालावेत. "आता त्याची बोटं काय चालणार" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंयत म्हणून उत्तर देतोय. माझा थोरला भाऊ अगदी हेच म्हणाला होता.

फेब्रुवारी 2020. मुंबईला महिंद्रा ब्लूज महोत्सवात (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) अमेरिकन गिटारवादक बडी गाय वाजवणार होता, वय 83. आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागातले. आडनाव ऐकून दादा आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "पंजाब मेलचं भाडं, वर तिकीट, वर राहणं. म्हाताऱ्याचा गोंगाट ऐकायला?"

हाच दादा डिसेंबरात कानटोपी घालून तानसेन समारोहाला जाऊन बसतो. एखाद्या थकलेल्या बुवांचा वरचा षड्ज लागला नाही तरी डोळे पुसतो. म्हणतो, सूर काय, मागची तालीम ऐकायची. पाहुणे आले की त्यांना सरोदघर हे वाद्यांचं संग्रहालय दाखवायला नेतो. तार छेडणाऱ्यांबद्दल एवढा आदर, पण तारेला वीज जोडली की गोंगाट! तालीमच हवी तर बडी गाय अमेरिकेतल्या लुइझियानातल्या शेतमजुराच्या घरात स्वतः बनवलेल्या दोन तारांच्या वाद्यावर शिकला, 1957 साली शिकागोत आला आणि मडी वॉटर्ससारख्या ब्लूजमधल्या बुजुर्गांच्या हाताखाली तयार झाला. आणखी काय पाहिजे?

तर मी गेलोच. महोत्सवाची जागा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ. वेगच मोजायचा असेल तर तरुणपणीची रेकॉर्डिंगं जिंकतील, कबूल. पण मध्येच त्याने आवाज इतका खाली आणला की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा, आणि एकच तार बोटाने आडवी ओढून कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध नेऊन धरली. सतारीवर मींड घेताना ओढतात, तशीच. ब्लूजचा जीव त्या मधल्या जागेत आहे. ती तिथे धरून ठेवायला वेग लागत नाही, धीर लागतो. मग एकदम गडगडाट. मोबाईलच्या स्पीकरवर ही कुजबुज आणि तो गडगडाट एकाच मापाचे होतात, म्हणून रेकॉर्डिंग पुरत नाही. पुढे तो वाजवत वाजवत सरळ गर्दीत उतरला. लोक फोन काढत होते. मी नाही काढला, हात थरथरत होते. (83 वर्षांचा तो होता, मी नव्हे.)

आता हेही सांगतो की वय झालेला प्रत्येक जण असा नसतो. एकदा एका नामवंताला ऐकायला गेलो आणि मध्यंतरात उठून आलो, तेव्हा गेल्या वर्षभरातले त्यांचे कार्यक्रम आधी पाहून घ्या. बसायला खुर्ची आहे का, हेही तिकिटाआधी विचारा. माझे पाय दोन दिवस बोलत होते. कानात घालायला बोळे न्या आणि स्पीकरसमोर नका उभे राहू, ध्वनियंत्रणेच्या टेबलाजवळ सगळ्यात नीट ऐकू येतं. मात्र फार विचार करत बसू नका. बडी गायने 2023 मध्ये निरोपाचा दौरा काढला.

परत आल्यावर दादाला बडी गायच्या एका जुन्या मैफलीची लिंक पाठवली. ऐकून म्हणाला, "बघ, गोंगाटच."

मोबाईलवर ऐकून!