वाचकांचे प्रश्न : हरित इमारत आणि तिचा वीजमीटर

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयाची नवी इमारत ‘हरित’ असावी, असा ठराव संस्थेने केला आहे. वास्तुविशारदांनी सादरीकरणात अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयाच्या इमारतीचा दाखला दिला. त्या इमारतीतील कोणत्या गोष्टी आम्ही घ्याव्यात?

उत्तर : ओहायो राज्यातील ओबर्लिन येथील अ‍ॅडम जोसेफ लुईस पर्यावरण अध्ययन केंद्र २००० साली सुरू झाले. प्रा. डेव्हिड ऑर यांनी त्यासाठी पाठपुरावा केला आणि विल्यम मॅकडोनो यांच्या कार्यालयाने आराखडा तयार केला. सुमारे १३,६०० चौरस फुटांची ही दुमजली इमारत पूर्व-पश्चिम लांब आहे. दक्षिणेकडील काचेच्या उंच दालनातून हिवाळ्यातले ऊन आत येते आणि त्याची ऊब जाड फरशीत साठून राहते. वर्गखोल्या उबदार ठेवण्याचे काम जमिनीत खोल घेतलेल्या बोअरमधून पाणी फिरवणारे हीट पंप, म्हणजे जमिनीतली उष्णता खेचून खोल्यांत सोडणारी यंत्रे, करतात. छतावर ६० किलोवॅटचे सौर पॅनेल आहेत. वापरते त्याहून अधिक वीज वर्षाकाठी इमारतीनेच निर्माण करावी, अशी मूळ आकांक्षा होती.

सादरीकरणात बहुधा न आलेला भाग पुढचा आहे. त्याच महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफील्ड यांनी इमारतीच्या वीजवापराच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत निर्मितीपेक्षा वापर बराच जास्त असल्याचे दिसून आले. विजेवर चालणारा बॉयलर हे त्यामागचे एक ठळक कारण होते. या निष्कर्षांवरून जाहीर वादही झाला. पुढे यंत्रणेत सुधारणा झाल्या, २००६ मध्ये वाहनतळावर १०० किलोवॅटचे आणखी पॅनेल बसले, आणि त्यानंतर हिशेब जुळू लागला. आमच्या मते त्या इमारतीकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ही तपासणीच होय. म्हणून दिवे, वातानुकूलन, प्रयोगशाळा, पंप आणि लिफ्ट यांना स्वतंत्र सब-मीटर बसवण्याची अट निविदेतच घाला. महावितरणच्या एकत्रित बिलावरून गळती नेमकी कुठे आहे, हे कधीच कळत नाही.

काचेचे दालन मात्र नाशिकला आणू नका. ओबर्लिन ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तिथला प्रश्न थंडीचा आहे, तर आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तसेच दालन भट्टीसारखे तापेल आणि ते गार करण्यातच छतावरच्या पॅनेलची वीज खर्ची पडेल. आपला शत्रू पश्चिमेचे ऊन. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो, कारण दुपारचा सूर्य उंच असतो. पश्चिमेला सायंकाळचे तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते, त्यामुळे तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळी लावावी लागते. त्याहून चांगले म्हणजे त्या बाजूला जिना, स्वच्छतागृहे आणि भांडारखोल्या काढाव्यात. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचा थर दिल्यास वरच्या मजल्यावरील वर्ग कमी तापतात. आपल्याकडच्या गवंड्यांना हे काम चांगले ठाऊक आहे आणि त्यासाठी कोणत्याही परदेशी दाखल्याची गरज नाही.

प्रश्न : त्याच इमारतीत सांडपाणी झाडांच्या साहाय्याने शुद्ध करतात, असे वाचले. आमच्या वसतिगृहात हे जमेल का?

उत्तर : तत्त्व सोपे आहे. सांडपाणी आधी बंद टाक्यांतून जाते, मग हवा सोडलेल्या आणि वनस्पती लावलेल्या टाक्यांतून, त्यानंतर खडीच्या थरातून. शेवटी निर्जंतुक करून ते शौचालयांतील फ्लशसाठी पुन्हा वापरले जाते. मुख्य काम जिवाणूंचे असते आणि मुळे त्यांना वस्तीला जागा देतात. ओहायोत या टाक्या काचघरात ठेवाव्या लागतात, तो खर्च आपल्याकडे वाचतो. अडचण वेगळी आहे. जिवाणूंना नियमित खाद्य लागते आणि वसतिगृह तर उन्हाळी सुट्टीत रिकामे होते. सांडपाण्याचा काही प्रवाह बारमाही राहील अशी जोडणी, उदाहरणार्थ कर्मचारी निवासस्थानांची, आराखड्यातच करून घ्या आणि देखभालीसाठी एका प्रशिक्षित माणसाच्या पगाराची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दाखवा. ती होणार नसेल, तर स्नानाचे व धुण्याचे पाणी वेगळ्या नळाने काढून, साध्या गाळणीतून बागेला देणे बरे.